अंदाज आणि अंश

घरी स्टेक करायचा म्हणून पाककृती शोधली, तर जवळजवळ प्रत्येकीत एक सूचना सापडते: तवा कडकडीत तापवा आणि तुकडा दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं भाजा. या सूचनेवर भिस्त ठेवणाऱ्याची फसगत ठरलेली असते आणि दोष त्याच्या हाताचा नसतो. उष्णता मांसाच्या पृष्ठभागावरून मध्याकडे सावकाश झिरपत जाते. तिला लागणारा वेळ जाडीच्या नव्हे, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दोन सेंटिमीटरऐवजी चार सेंटिमीटरचा तुकडा घेतला, तर त्याचा मध्य तापायला चौपटीच्या आसपास वेळ लागतो. शिवाय तुकडा फ्रीजमधून थेट तव्यावर आला की ओट्यावर थोडा वेळ राहून आला, तवा जड बिडाचा आहे की पातळ पत्र्याचा, आच मोठी म्हणजे नेमकी किती मोठी, यातलं काहीच त्या चार मिनिटांत धरलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की स्टेक नेमका शिजणं ही गोष्ट घड्याळावर अवलंबून नाही, करणाऱ्याच्या धाडसावर किंवा उपजत हातावरही नाही. ती मांसाच्या मध्यातल्या तापमानावर अवलंबून आहे, आणि ते मोजता येतं. काही शे रुपयांना मिळणारा सुईचा थर्मामीटर घरच्या स्वयंपाक्याला जे देतो, ते कुठलीही पाककृती देऊ शकत नाही.

तापमानाला एवढं महत्त्व का, हे समजण्यासाठी मांसाच्या आत काय घडतं ते पाहावं लागतं. कच्च्या मांसाचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. मध्य ५० अंश सेल्सिअसच्या आसपास आला की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागतं. कच्चेपणाचा लिबलिबीत पोत जातो आणि दातांखाली स्वच्छ तुटणारं मांस तयार होतं. ६० च्या पुढे तंतूंभोवतीचं कोलॅजनचं आवरण आकसतं आणि आतलं पाणी पिळून बाहेर निघू लागतं. त्याच सुमाराला मांसाला लाल रंग देणारं मायोग्लोबिन करडं-तपकिरी होतं. ६५-७० च्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरं प्रथिनही आकसतं, आणि तिथून पुढे मांस कोरडं व चिवट होत जातं. हॉटेलातल्या नावांचा अर्थ या पट्टीवरच आहे. रेअर म्हणजे ५० ते ५२, मीडियम रेअर ५४ ते ५७, मीडियम ६० ते ६३ आणि वेल डन ७० व त्यापुढे. रसाळ आणि कोरडं यांच्यातलं अंतर जेमतेम दहा अंशांचं आहे, आणि तव्याचा पृष्ठभाग मात्र दोनशे अंशांच्या वर असतो. अडचणीचं मूळ तिथे आहे. सुई कडेकडून आडवी घालून तिचं टोक बरोबर मध्यात आणलं, हाडाला आणि चरबीच्या गाठीला लागू दिलं नाही, तर तापमान चढण्याची घाई आकड्यांत दिसते. आकडा आधी १२, १४, १७ असा रेंगाळतो. तुकडा वरून झाल्यासारखा वाटतो आणि आत काहीच हललेलं नसतं. मग चाळिशी ओलांडतो आणि भराभर चढू लागतो. आच बंद करून तुकडा ताटात काढला तरी आकडा थांबत नाही, कारण बाहेरच्या थरात साठलेली उष्णता आत सरकतच असते. जाड तुकड्याचा मध्य त्यानंतरही तीन-चार अंश चढतो. ज्याला ५५ हवे आहेत त्याला ५१ वर हात घालावा लागतो. बाहेरून पाहून हे कळण्याची सोय नाही.

इथे मराठी स्वयंपाकघरातून पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे स्वयंपाक अंदाजाने होतो. मीठ चिमटीने, पाणी बोटाच्या पेरांनी आणि फोडणी आवाजावर. यंत्र हाती घेणं म्हणजे हाताची कला सोडणं, असं अनेकांना मनापासून वाटतं. अंदाज ही खरी विद्या आहे याबद्दल मला शंका नाही. किनारपट्टीवरची बाई सुरमईची तुकडी तव्यावरून नेमक्या क्षणी उतरवते, एक मिनिट उशीर झाला तर मासा भुसभुशीत कोरडा होतो हे तिला पक्कं ठाऊक असतं, आणि तिला थर्मामीटर लागत नाही. पण तो अंदाज आला कुठून? तोच मासा, तशीच तुकडी, तोच तवा, आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. अंदाज हे असंख्य मोजमापांचं साठलेलं शहाणपण आहे, आणि ते साठायला पुनरावृत्ती लागते. स्टेक मराठी घरात वर्षातून दोन-चारदा होत असेल. दर वेळी तुकडा वेगळा, जाडी वेगळी, कदाचित जनावरही वेगळं. चूक झाली तर ती महाग पडते आणि पुढच्या वेळेपर्यंत शिकलेलं विसरायला होतं. तळहाताची बोटं जुळवून अंगठ्याखालच्या उंचवट्याशी मांसाचा घट्टपणा ताडून पाहायची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. पण प्रत्येकाचा हात वेगळा असतो, आणि अंडरकटचा मऊपणा व पोटाकडच्या मांसाचा घट्टपणा कच्चेपणीच इतका भिन्न असतो की त्या ताडण्याला अर्थ उरत नाही. जिथे अंदाज साठायला जागाच नाही तिथे मोजणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. शिवाय मोजणाऱ्याचा अंदाजही हळूहळू तयार होतो, कारण त्याला दर वेळी आपल्या तर्काचं उत्तर लगेच मिळतं.

अंदाजाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा आहे. तिथला बिस्तेक्का अल्ला फियोरेंतिना हा स्टेक पिढ्यान्‌पिढ्या थर्मामीटरविना, लाकडी कोळशांवर भाजला जातो, आणि उत्तम होतो. तो कसा होतो हे नीट पाहिलं की मात्र पुरावा उलटा फिरतो. जनावर परंपरेने क्यानिना जातीचं, तुकडा कमरेचा, मधल्या हाडासकट, तीन-चार बोटं जाड आणि किलोच्या वर वजनाचा. निखारे ज्वाळा विझलेले. मुरवण काही नाही. आणि शिजवण्याची पायरी एकच, आतून लाल. गिऱ्हाईकाने जास्त शिजवून मागितला तर अनेक खानावळी नकार देतात. म्हणजे फ्लॉरेन्सने जवळजवळ प्रत्येक बदलणारी गोष्ट बांधून टाकली आहे, आणि मग अंदाजाला मोकळं सोडलं आहे. यातली एक जरी गाठ सुटली तरी हिशेब बिघडतो. पेल्लेग्रीनो आर्तुसी यांच्या १८९१ च्या प्रसिद्ध पाकग्रंथात याच बिस्तेक्काची जाडी एक ते दीड बोट दिली आहे. त्यांच्या काळातल्या भटाऱ्याच्या हाताचा अंदाज आजच्या चार बोटांच्या तुकड्याला लावला, तर बाहेर कोळसा आणि आत थंडगार मांस मिळेल. मीठ शेवटी घालायचं आणि मांस जास्त शिजू द्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह मात्र अजून टिकून आहे. घरच्या स्वयंपाक्याकडे ना ते निखारे, ना ओळखीच्या खाटकाकडून दर वेळी येणारा तसाच तुकडा. त्याने फ्लॉरेन्सकडून उचलायची गोष्ट म्हणजे ती शिस्त: जेवढं बांधून ठेवता येईल तेवढं बांधायचं आणि उरलेलं मोजायचं.

परंपरेवर विसंबण्यातला धोका दाखवायला आणखी एक उदाहरण पुरेसं आहे. मांस आधी कडकडीत आचेवर भाजलं की त्याची रंध्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असं आजही सांगितलं जातं. ही कल्पना युस्टस फॉन लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ च्या पुस्तकातून पसरली. माणूस मोठा होता. मांसाचा अर्क काढून विकण्याच्या त्याच्या विचारातून पुढे १८६५ मध्ये एक मोठी कंपनी उभी राहिली आणि उरुग्वेतल्या फ्राय बेंतोस गावी तिचा कारखाना चालला. त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि फ्रेंच स्वयंपाकाचे धुरीण एस्कॉफिए यांनीही तोच समज पुढे चालवला. वजनकाट्यावर मात्र तो टिकला नाही. १९३० च्या दशकातल्या प्रयोगांत आधी भाजलेल्या मांसाने न भाजलेल्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, रस गमावलेला आढळला, आणि अन्नविज्ञानावर लिहिणारे हॅरोल्ड मॅक्गी यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात हे सामान्य वाचकांपर्यंत नेलं. तापलेल्या तव्यावर स्टेक चुरचुरतो तो आवाजच बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. रस कोंडला गेला असता तर तवा मुका राहिला असता.

मग खरपूस कवच कशासाठी? चवीसाठी, आणि ते कारण पूर्ण पुरेसं आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार याने १९१२ मध्ये वर्णन केलेली अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली प्रक्रिया १४० अंशांच्या वर जोमाने चालते, आणि भाजल्या मांसाचा तो ओळखीचा गंध तिच्यातून येतो. म्हणजे एकाच तुकड्याकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागत असतो: बाहेर दीडशेच्या वर आणि आत पंचावन्न. एकाच आचेवर दोन्ही साधायला गेलं की मधे एक करडा पट्टा तयार होतो. जाड स्टेक उभा कापून पाहावा. वर केसभर जाडीचं काळपट तपकिरी कवच, त्याखाली बोटभर करडं, शिळं दिसणारं मांस, आणि अगदी मधे गुलाबी रेघ. तो करडा भाग म्हणजे वेल डन स्टेकच, फक्त मीडियम रेअरच्या नावाखाली वाढलेला. यावरचा उपाय म्हणजे दोन कामं वेगळी करणं. चार सेंटिमीटर जाडीचा तुकडा जाळीवर ठेवून ११०-१२० अंशांच्या ओव्हनमध्ये सावकाश तापवायचा. मध्य ५० वर आला की बाहेर काढायचा. आणि मग धुरावलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट, दर अर्ध्या मिनिटाला उलटत. एकदाच उलटायचा असा दंडक अनेक ठिकाणी सांगतात. त्याला आधार नाही, वारंवार उलटलेलं मांस लवकर आणि जास्त एकसारखं शिजतं. या रीतीत करडा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो. ओव्हनच्या कोरड्या हवेने पृष्ठभागही सुकलेला असतो, आणि त्याचा मोठा फायदा होतो, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर जातच नाही आणि मांस भाजण्याऐवजी वाफवलं जातं. मिठाचंही तसंच. मीठ लावल्यावर काही मिनिटांत मांसावर पाण्याचे थेंब येतात, आणि साधारण पाऊण तासाने ते खारं पाणी पुन्हा आत शोषलं जातं. म्हणून मीठ एक तर अगदी तव्यावर टाकताना लावावं किंवा निदान पाऊण तास आधी. आदल्या रात्री लावून तुकडा फ्रीजमध्ये उघडा ठेवला तर सर्वांत चांगलं. मधल्या दहा-वीस मिनिटांत लावलेलं मीठ कवचाचा घात करतं.

आता दुसरा आक्षेप, आणि तो अधिक खोलवरचा आहे. मध्य गुलाबी म्हणजे मांस कच्चं, ताटात सांडतं ते रक्त, आणि असलं खाणं अपायकारक. ताटातलं ते लाल पाणी रक्त नसतं. जनावर कापतानाच रक्त निथळून गेलेलं असतं, आणि उरतं ते पाणी व त्यात विरघळलेलं मायोग्लोबिन. अपायाचा प्रश्न मात्र शब्दांनी झटकून टाकण्यासारखा नाही. निरोगी जनावराच्या अखंड स्नायूच्या आत जिवाणू जवळपास नसतात, ते पृष्ठभागावर असतात, आणि तव्याची आच त्यांना पुरून उरते. खिमा केला की पृष्ठभाग आणि आतला भाग एक होतो. अमेरिकेत १९९३ मध्ये नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलायची साथ पसरली, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. ते मांस खिम्याचं होतं. म्हणून अमेरिकेचं कृषी खातं खिम्याला ७१ अंश सांगतं आणि अखंड तुकड्याला ६३ अंश व वर तीन मिनिटांची विश्रांती. मीडियम रेअर या ६३ च्या खाली आहे, हे उघड सांगितलं पाहिजे. जंतूंचा नाश तापमान आणि वेळ या दोन्हींवर ठरतो. त्याच खात्याच्या तक्त्यांत बीफसाठी ६० अंशांना बारा मिनिटं आणि ५४ ला जवळजवळ दोन तास येतात. झटपट भाजलेल्या स्टेकचा मध्य एवढा वेळ तिथे राहत नाही. गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध आणि आजारी माणसं यांना ६३ च्या खालचं देऊ नये. ज्या मांसाची तपासणी झाली आहे याची खात्री नाही, तेही आतून लाल खाऊ नये, कारण टेपवर्मच्या गाठी स्नायूच्या आत असतात आणि वरवरच्या भाजण्याने मरत नाहीत. मऊ करण्यासाठी सुयांनी टोचलेलं मांसही खिम्यासारखंच धरावं. या आक्षेपाने माझा मुद्दा उलट पक्का होतो. ६३ पाळायचे असोत की ५५, मोजल्याशिवाय दोन्ही पाळता येत नाहीत. आणि भीतीपोटी अंदाजाने शिजवणारा माणूस ६३ ऐवजी ७८ वर पोचतो.

मांस पूर्ण शिजवण्याची मराठी सवय भित्रेपणातून आलेली नाही, हेही इथे सांगायला हवं. आपलं मटण बोकडाचं, हाडासकट, खांदा-मांडी-नळीचं. या राबलेल्या स्नायूंत कोलॅजन भरपूर असतं, आणि ते विरघळून रश्शाला चिकट दाटपणा यायचा तर ८०-९० अंशांवर तास-दीड तास घालवावाच लागतो. ते मटण ५५ वर उतरवलं तर चावता येणार नाही. हाडापासून सुटेपर्यंत शिजवणं हे त्या मांसाचं अचूक शिजणं आहे. स्टेकचा प्रश्न ज्या मोजक्या स्नायूंनी जन्मभर फारसं काम केलेलं नसतं, त्यांच्यापुरताच आहे. मांस किती शिजवावं हे खाणाऱ्याच्या प्रतिष्ठेपेक्षा तुकड्याने ठरवावं, असं मला वाटतं. रोलाँ बार्त या फ्रेंच लेखकाने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये फ्रान्समधल्या स्टेकची थोरवी त्याच्या जवळजवळ कच्चेपणात कशी मानली जाते हे दाखवलं होतं, ती थोरवी आज जगभर पसरली आहे, आणि लाल खाणारा जाणता, शिजवून खाणारा अडाणी असा समज तिच्याबरोबर आला. तो चुकीचा आहे. चरबीची जाळी असलेलं रिबआय ५० वर घशात तुपट लागतं आणि ५८ वर खुलतं, कारण चरबी मऊ होऊन तंतूंत उतरायला तेवढी उष्णता लागते. बिनचरबीचा अंडरकट मात्र ६० ओलांडताच फिका पडतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्यामुळे मुंबई-पुण्यात स्टेक म्हणून मिळणारा अंडरकट सहसा म्हशीचा असतो. हे मांस कमी चरबीचं, त्यामुळे चूक पदरात घेण्याची त्याची ताकदही कमी. तिथे दोन-तीन अंशांचा फरक थेट ताटात दिसतो.

सोबतच्या पदार्थांचा विचार लोक चवीपुरता करतात. माझ्या मते तेही स्टेकच्या नेमकेपणाचाच भाग आहेत, कारण स्वयंपाकघरात सर्वांत तोकडी पडते ती नजर. स्टेक शेवटच्या पाच मिनिटांत दुसरीकडे पाहू देत नाही. फ्रेंच घराण्यातली जोडी तळलेल्या बटाट्याची आहे, आणि बटाटा उत्तम व्हायचा तर दोनदा तळावा लागतो, आधी मंद तेलात, मग वाढण्याच्या क्षणी कडक तेलात. हॉटेलात त्या दोन शेगड्यांवर दोन माणसं असतात. घरी एक जण दोन्ही करायला गेला की बटाटे उत्तम होतात आणि मांस ६५ वर जातं. फ्लॉरेन्सची निवड इथे शहाणपणाची आहे: ऑलिव्हच्या तेलात मुरलेले पांढरे कॅनेलिनी घेवडे, जे दुपारीच शिजवून ठेवले तरी चालतात आणि जेवढे थांबतील तेवढे मुरतात. अर्जेंटिनात पार्सली, लसूण, ओरेगानो आणि व्हिनेगरची चिमिचुरी आधीच वाटीत तयार असते. ओव्हन मंद आचेवर लागलेलाच असतो, तर आधी भाजून घेतलेले बटाटे तिथे गरम राहू शकतात. चवीच्या बाजूनेही हिशेब तोच निघतो. स्टेक स्निग्ध, खारट, खरपूस आहे. त्याला हवं आहे आंबट आणि कडवट. लिंबू पिळलेला कडवट पाला, व्हिनेगरमध्ये घोळवलेला कांदा हे सगळे थंड पदार्थ आहेत आणि थांबू शकतात. मलईदार पालक किंवा लोण्याने जड केलेला बटाट्याचा लगदा न्यूयॉर्कच्या स्टेकहाऊसमध्ये शोभतो, पण रिबआयबरोबर तो मला जडावर जड वाटतो. अंडरकटसारख्या कोरड्याकडे झुकणाऱ्या तुकड्याबरोबर तो नक्कीच चालतो.

उरतो पाहुणा, ज्याला गुलाबी बघवतच नाही. त्याला समजावत बसणं हे यजमानाचं काम नव्हे, आणि त्याच्या ताटात मुद्दाम कमी शिजलेलं वाढणं तर अपमानच आहे. पण ‘याला काय, जळेपर्यंत ठेवा’ असं म्हणून त्याचा तुकडा तव्यावर विसरणं हाही तेवढाच अनादर आहे. त्याच्यासाठी अंडरकट घेऊच नये. चरबीची जाळी असलेला तुकडा घ्यावा, कारण पाणी गेल्यावर ओलावा चरबीच राखते. मंद ओव्हनमध्ये तो सावकाश ६४ पर्यंत न्यावा, मग तव्यावर कवच आणावं, आणि मध्य ६८ दाखवताच काढून तंतूंच्या आडव्या दिशेने पातळ कापावा. आत गुलाबी कुठेही दिसत नाही. ७८ वर नेलेल्या तुकड्याशेजारी तो ठेवला तर दहा अंशांत किती रस वाचला, ते सुरी फिरवतानाच कळतं.